चांदहाळला टँकर मंजूर

माझे दाजी भीमाशंकर गुरुजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दर सोमवारी मला एक पोस्टकार्ड टाकायचे. त्यावर तीनच ओळी. एक लिखाणाची, एक शाळेची, एक घरची. माणसाची बातमी तीन ओळींच्या पुढं गेली की तिच्यात थापा शिरतात, असं त्यांचं मत. नमुना देतो: 'पाटलाची म्हैस मेली, पण प्रकरण जमले नाही. चौथीला भागाकार येतो, बाकी उरली की रडतात. रत्ना रांगते, मात्र मागे.'

रत्ना ही त्यांची नऊ महिन्यांची मुलगी. चौथी म्हणजे मुरूमवाडीच्या एकशिक्षकी शाळेतली सहा पोरं. आणि ज्या पाटलाची म्हैस मेली तो पाटील जगात कुठंच नव्हता. तो दाजींच्या कादंबरीत होता.

ही एकच कादंबरी दाजी नऊ वर्षं लिहून राहिले होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जे हजेरीपट भरले गेले, ते पुढं रद्दीत निघाले. दाजींनी गठ्ठाच उचलून आणला. एका बाजूला मजुरांची नावं, अंगठे, सरकारी शिक्का. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर कादंबरी.

मी एकदा विचारलं, "दाजी, चांगला कागद कामून न्हाई आणत?"

म्हणाले, "मागं अंगठे असले की पुढं खोटं लिहवत न्हाई."

कादंबरीतल्या गावाचं नाव चांदहाळ. पहिलं प्रकरण म्हणजे चांदहाळच्या लोकांनी पाण्यासाठी सरकारला केलेला अर्ज. नुसता अर्ज. घरं किती, जनावरं किती, विहीर कधी आटली, तळाशी काय काय सापडलं. दाजी म्हणायचे, आपल्या मुलखात माणूस आईला पत्र लिहीत नाही, बायकोला तर नाहीच नाही. मनातलं काय ते अर्जात ओततो आणि खाली 'आपला विश्वासू' लिहून मोकळा होतो. ते खरं असावं. मुरूमवाडीचे सगळे अर्ज दाजीच लिहायचे. त्या वर्षी टँकरसाठी सात लिहून झाले होते.

ते वर्ष त्र्याऐंशीचं. आदल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पाऊस झाला नाही. मुरूमवाडी नेमकी लातूरचं उदगीर आणि नांदेडचं मुखेड यांच्या हद्दीवर, एकेचाळीस घरांची. लातूरच्या यादीत ती नव्हती, कारण ती नांदेडात असेल असं लातूरला वाटायचं. नांदेडच्या यादीतही नव्हती, कारण नवा जिल्हा झाला म्हणजे गेली असेल तिकडं, असं नांदेडला वाटायचं. दोन्हीकडं वाटणारी माणसं सज्जन होती. माझी अक्का जगदेवी रत्नाला कडेवर आणि घागर डोक्यावर घेऊन दीड कोस चालायची.

मी लातुरात 'टंचाई व तक्ते उपकार्यालय' नावाच्या कचेरीत टंकलेखक होतो. ती कचेरी आता नाही, शोधू नका. सहा टेबलं, पाच खुर्च्या. जो शेवटी येईल तो दौऱ्यावर आहे असं धरायचं. आवक-जावकला संगप्पा. त्याला नवा शिक्का मिळाला होता, आणि टेबलावर दिसेल त्यावर तो शिक्का मारून आवक क्रमांक घालायचा. एकदा माझ्या जेवणाच्या डब्याच्या फडक्यावर मारला. डबा साहेबांच्या टेबलावर गेला आणि चौथ्या दिवशी 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आला. भाकरी तशीच होती, पण तिच्यावर चर्चा करण्यासारखी परिस्थिती आली होती.

अशा कचेरीत मी दाजींची कादंबरी नेली.

नेण्याला कारण होतं. नांदेडला वजिराबादेत साहेबराव सोनकांबळ्यांचा छापखाना. वर्षभर लग्नपत्रिका छापायच्या आणि लग्नसराई संपली की एक पुस्तक. एकच, पण मनासारखं. दाजींनी दोन दिवस छापखान्यात बसून त्यांना अख्खी कादंबरी वाचून दाखवली होती. शेवटच्या अकरा पानांत चांदहाळ गाव उठून जातं. सगळ्यांच्या मागं राहिलेली म्हातारी दाराला कडी लावते, आणि वाऱ्यानं कडी वाजून घराला एकटं वाटू नये म्हणून कडीला चिंधी बांधते. हे ऐकून साहेबरावांनी दोन पत्रिकांवर नवरीच्या जागी नवरदेवाचं नाव छापलं. म्हणाले, "गुरुजी, ह्या शेवटासाठी छापतो. वैशाखाअखेर टाइप केलेली प्रत पायजे." कचेरीतलं यंत्र जेवणाच्या सुट्टीत मोकळं असायचं, म्हणून मी तीनशे अकरा पानांचा तो एकुलता एक गठ्ठा लाल फडक्यात बांधून नेला, टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर टेबलावर काही नव्हतं. संगप्पा शिक्का पुसत होता.

"संगप्पा, इथला गठ्ठा?"

"गेला वर. आवक चारशे सतरा. चांदहाळ ग्रामस्थांचा अर्ज, सहपत्रांसह." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "काय अर्ज हाय बे! मागल्या बाजूनं प्रत्येक पानावर अंगठे. येवढे अंगठे मी कुठल्या अर्जाला बघितले न्हाईत."

"आरं, ती कादंबरी हाय!"

"असू दे की. क्रमांक पडला. आता ती फाईल हाय."

मी साहेबांकडं जाऊन सांगायला हवं होतं. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी ते दार लावून वाचत होते. तिसऱ्या दिवशी फाईल बाहेर आली. त्यावर शेरा: 'अर्ज अत्यंत सविस्तर. गाव यादीत दिसत नाही. गाव चुकले नसून यादी चुकली आहे. टँकर मंजूर.'

मी तो शेरा दोनदा वाचला. मग शनिवारी मुखेडची गाडी धरली आणि तिथून मुरूमवाडीपर्यंत पायी गेलो.

दाजी ओट्यावर वह्या तपासत होते. अक्का रत्नाला सरळ रांगायला शिकवत होती, म्हणजे तिच्या मागं बसून हाक मारत होती.

"दाजी," मी म्हणालो, "तुमची कादंबरी मंजूर झाली."

"साहेबरावांनी तर कधीच केलीय."

"साहेबरावांनी न्हाई. टंचाईनं."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे ओट्यावरनं उठतात आणि हातातली छडी माझ्यावर चालवतात. दाजी उठले नाहीत. त्यांनी तपासत होते ती वही मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठल्या प्रकरणापर्यंत वाचलं साहेबांनी?"

"ते म्या न्हाई विचारलं."

"विचारायचं होतं," दाजी म्हणाले.

अक्का मात्र भडकली. "मन्मथा, नऊ वरसं! नऊ वरसं मी ह्यांच्या कंदिलाची काच पुसली. लग्न झालं तवापासून त्या चांदहाळच्या बायांची दुखणीखुपणी ऐकून राहिले, माझं डोकं दुखलं तर ह्यांना ऐकू येत न्हाई. आन् तू ते सगळं कचेरीत देऊन आलास?"

"दिलं न्हाई अक्का, गेलं."

"उद्या जा, काढून आण."

"आणतो की. साहेबांना सांगतो, ही कादंबरी हाय, गाव खोटं हाय."

एवढ्यात गावाच्या तोंडाला हॉर्न वाजला. मुरूमवाडीत हॉर्न म्हणजे नवलच. एकेचाळीस घरं बाहेर आली. धुळीतनं टँकर येत होता आणि मागं पाणी सांडत होतं, खरंखुरं.

चालक मारोती खाली उतरला. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. "तीन दिस हिंडून राहिलो," तो म्हणाला. "कुणाला म्हाईत न्हाई चांदहाळ. शेवटी कचेरीनं अर्जातला रस्ता उतरवून दिला. 'मुखेडच्या रस्त्याला फुटकी पाणपोई सोडून डावीकडे, ओढ्यात उतरताना उजवीकडे जळकी बाभूळ, पुढे मारुतीला नाक नाही तिथे गाव.' लई बेस लिवलंय बघा. बरोबर हितं आणलं. हेच का चांदहाळ?"

आता दाजींनी कादंबरीसाठी दुसरं गाव कुठून आणायचं? डोळ्यासमोरचं होतं ते घातलं होतं. मारुतीला खरोखरच नाक नव्हतं.

सगळी माणसं दाजींकडं बघू लागली. हा माणूस असा की, शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी 'पोरं रोज येतात का' विचारलं, तर 'न्हाई' म्हणून मोकळा झालेला. खोटं बोलायचं तर तो त्यासाठी कागद घेतो.

तेव्हा धुरपताबाई पुढं आली. वय सत्तरीचं, आवाज पंचविशीचा. "कामून इच्यारतो रं? मारुतीचं नाक बघितलंस न्हवं? सोड पाइप."

मारोतीनं पाइप सोडला. मग वही पुढं केली. "गुरुजी, गावाचं नाव टाकून सही करा."

दाजींनी वही घेतली. अक्का दाराशी उभी होती. मघाशी 'काढून आण' म्हणणारी. ती म्हणाली, "आवो, करा की सही. कादंबरी काय, तुमच्या डोक्यात हाय, कधीबी उतरवताल. पाणी डोक्यावर आणावं लागतंय."

दाजींनी लिहिलं, 'चांदहाळ (मी लिहिलेले)', आणि सही केली. कंसातलं मारोतीनं काही वाचलं नाही. पण खोटं एक अक्षर नव्हतं, हे माझ्या दाजींबद्दल मी कुठंही शपथेवर सांगेन.

टँकर एक दिवसाआड येऊ लागला. आता अडचण उघड होती. कादंबरी परत मागायची तर गाव खोटं म्हणून सांगायचं, आणि सांगितलं की टँकर बंद. नाही मागायची तर वैशाख संपत आलेला. साहेबरावांची दोन पत्रं आली. तिसऱ्यात नुसतं लिहिलं होतं, 'मशीन मोकळे आहे.' दाजी पत्र वाचायचे, घडी घालायचे आणि सुट्टीतही भरवलेल्या चौथीला भागाकार शिकवायला जायचे.

त्यात साहेबांनी पाहणी काढली.

"एवढा अर्ज केला त्या लोकांनी," साहेब म्हणाले, "मी जाऊन त्यांना बघितलं पाहिजे. संगप्पा, फाईल घ्या. टंकलेखक, तुम्ही पंचनाम्याला चला."

मी आदल्या दिवशी मारोतीच्या टँकरवर बसून गावात निरोप पोचवला. शाळेत बैठक भरली. फाईल कचेरीत असल्यामुळं कुणाला कोण व्हायचं ते दाजींनी तोंडी सांगितलं. चांदहाळचा पाटील व्हायला चौघं तयार झाले, म्हैस मेलेला पाटील म्हटल्यावर एक उरला. धुरपताबाई म्हातारी. ग्यानोबा मजुराला दाजींनी रामा खडीवाला दिला.

"रामा काय करतो?" ग्यानोबानं विचारलं.

दाजी जरा अडखळले. "खडी फोडतो. पान एकशे अठ्ठ्याऐंशीला वारतो."

"मंजे मी मेलो?"

"हाव."

"मग मी उद्या हजर कसा ऱ्हाऊ?"

"न्हाई राहिलास तर बरं."

"आन् माझ्या घागरी कोण भरंल? मेला म्हणून टँकरच्या रांगेत नंबर जाणार माझा! गुरुजी, येवढी माणसं होती कादंबरीत, मलाच बरं मारलंत."

"तुला न्हाई रे, रामाला."

"रामा मीच की आता!"

ह्याला मराठी साहित्यातही उत्तर नसावं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब उतरले, मारुतीच्या नाकाची जागा बघून त्यांनी टोपी काढली. मग फाईल उघडून घरोघर फिरू लागले. "अर्जात विहिरीच्या तळाशी पितळी वाटी सापडल्याचं आहे." म्हैस मेलेला पाटील म्हणाला, "हाय, घरात ठिवलीय," आणि कुणाच्या तरी घरून एक वाटी आली. साहेबांनी ती दोन्ही हातांत धरली. मी पंचनामा लिहीत होतो. लिहिताना माणसाला चेहरा खाली घालता येतो, ही पंचनाम्यातली मोठी सोय.

रांगेपाशी येऊन साहेब थांबले. "हे कोण?"

"रामा खडीवाला," ग्यानोबा ताठ उभा राहून म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत घागरी होत्या.

साहेबांनी पानं चाळली. "सहपत्र पान एकशे अठ्ठ्याऐंशीप्रमाणे रामा मयत आहे."

ग्यानोबा म्हणाला, "कळालं मला. पण अजून न्हाई."

"आणि गुरुजी, पुढं शेवटी," साहेबांनी गठ्ठा उलटा केला, "पान तीनशे एकपासून गाव उठून गेलं आहे. एकही माणूस शिल्लक नाही. हे मी काल संपवलं. झोप लागली नाही मला. पण मग ही माणसं कोण? गाव उठलं असेल, तर नियमानं टँकर बंद करावा लागेल."

पंचनाम्यावरचा माझा हात थांबला. धुरपताबाईनं पाइप सोडला नव्हता, पण पाइपातलं पाणीही दबकून आल्यासारखं वाटलं.

दाजी पुढं आले. मला त्यांचं आयुष्य माहीत होतं: एक खोली, सहा पोरांची चौथी, नऊ वर्षं. ती अकरा पानं त्यांनी सतरा वेळा लिहिली होती. एकदा कार्डावर पहिल्या ओळीत फक्त 'कडीला चिंधी बांधली' एवढंच लिहून त्यांनी बाकीच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. शाळेची आणि घरची बातमी त्या आठवड्यात नव्हतीच.

ते म्हणाले, "साहेब, एवढं मी चुकीचं लिहिलं. पेन द्या."

साहेबांनी पेन दिलं. दाजी टँकरच्या चाकाशी बसले, मांडीवर गठ्ठा घेतला. पान एकशे अठ्ठ्याऐंशी काढलं आणि रामाच्या मरणावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग तीनशे एक. तीनशे दोन. घाई नाही. पोरांची गणितं तपासावीत तशी. शेवटच्या पानावर मात्र ते थांबले. तिथं म्हातारी चिंधी बांधत होती. दाजींनी वर बघितलं. धुरपताबाई अक्काची घागर भरून देत होती आणि रत्ना तिच्या पायात मागं मागं रांगत होती.

"कुठं जातीस गं म्हातारे?" दाजींनी विचारलं.

"मी कुठं जाऊ? हितंच हाय की."

दाजींनी रेघ मारली.

साहेब वाकून बघत होते. म्हणाले, "खाडाखोड साक्षांकित करा. प्रत्येक पानावर सही." दाजींनी बारा सह्या केल्या. संगप्पानं लगेच शिक्का काढला.

ग्यानोबा घागरी खाली ठेवून सगळ्यांना सांगत सुटला, "माझं मरण खोडलं गुरुजींनी! सही करून खोडलं! आता यमाला बी कचेरीत जाऊन अर्ज करावा लागंल."

जीपमध्ये बसताना साहेब दाजींना म्हणाले, "गुरुजी, अर्ज फार चांगला लिहिता. सोडू नका." एवढं म्हणून ते उगाच चष्मा पुसत राहिले. साहेबांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. टँकरच्या मंजुरीला मात्र त्यांनी 'पाऊस पडेपर्यंत' असं लिहिलं.

पुढची वाट संगप्पानं काढली. अर्जदाराला आपल्या अर्जाची नक्कल मागता येते, असा नियम त्यानं शोधला. दाजींनी रीतसर अर्ज केला आणि मी तीनशे पानं कचेरीच्या वेळेत, कचेरीच्या यंत्रावर, उघडपणे टाइप केली. प्रत्येक पानावर संगप्पाचा शिक्का: 'खरी नक्कल'. खोडलेला मजकूर नकलेत घेत नाहीत, तोही नियमच. त्यामुळं प्रत पान तीनशेवर संपली. गाव रस्त्याच्या तोंडाशी उभं आहे, लांब धूळ उठलीय, आणि म्हातारी म्हणते, 'कोण येतंय बघा रं.' पुढं काही नाही.

प्रत मिळाल्या मिळाल्या साहेबराव नांदेडहून थेट मुरूमवाडीला आले, मुखेडपासून पायी, चपला हातात घेऊन. ते आले तेव्हा टँकर उभा होता.

"गुरुजी, शेवट कुठाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"खोडला."

"खोडला? आवो, त्या शेवटासाठी तर मी छापून राहिलो! मला तोंडपाठ हाय तो. मी सांगतो, तुम्ही लिवा. मन्मथराव, कागद काढा."

"न्हाई साहेबराव. सही केलीय."

"कचेरीतल्या सहीचं काय घेऊन बसलात? पुस्तकात गावाचं नाव बदलू. कुणाला कळतंय?"

"कचेरीचं सोडा हो," दाजी रांगेकडं हात करून म्हणाले. "ही माणसं तिथं उभी होती. त्यांच्यासमोर सही केली की कुणी जात न्हाई म्हणून. आता त्यांना घालवू कसं?"

साहेबराव तावातावानं काहीतरी बोलायला निघाले होते. तेवढ्यात धुरपताबाई ओरडली, "ओ, टोपीवाले, नुसतं बोलून काय राहिलाव? पाइप धरा हिकडं. माझा हात भरून आला."

साहेबरावांनी पाइप धरला. पहिली घागर भरली, दुसरी भरली, तिसरीला पाइप निसटला आणि ते कमरेपर्यंत भिजले. रांगेतली पोरं हसली, ग्यानोबानं 'पाणी वाया घालू नगा' म्हणून त्यांनाच झापलं. ते पाइप धरून तसेच उभे राहिले. कोण कुणाची घागर आधी लावतं, कोण कुणासाठी सरकतं, अक्का एका हातानं लेक आणि एका हातानं घागर कशी उचलते, हे बघत राहिले. दाजींनी मध्येच शाळेची घंटा दिली आणि पोरं रांगेतून उठून वर्गात गेली.

टँकर रिकामा झाला तेव्हा साहेबरावांनी धोतर पिळलं आणि शाळेच्या खिडकीशी जाऊन आत बघितलं. दाजी फळ्यावर भागाकार मांडत होते.

"गुरुजी," साहेबराव खिडकीतून म्हणाले, "तीनशे पानंच छापतो."

दाजींनी मान डोलावली आणि बाकी किती उरली ते पोरांना विचारलं.